वाकलेल्या बोटांची गोष्ट

आपल्या मराठीत हात फार बोलका आहे. अडचणीतल्या माणसाला आपण हात देतो, एखादं काम हाती घेतो, ते तडीला गेलं नाही तर हात टेकतो. रोज कमवून रोज खाणाऱ्याचं पोट हातावर असतं. आणि सगळे रस्ते बंद झाले, की माणूस हात पसरतो.

पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हात पसरले, त्यांच्यातल्या हजारोंना खरं तर हात पसरता येतच नव्हता. देवळाच्या पायऱ्यांवर, दर्ग्याच्या वाटेवर, रेल्वेच्या पुलावर आपण तो हात पाहिलेला असतो. बोटं तळव्याकडे वळलेली, पक्ष्याच्या पंज्यासारखी. त्यात धड नाणंही टिकत नाही, म्हणून हाताऐवजी डबा पुढे येतो. आपण नाणं टाकतो आणि नजर वळवून पुढे जातो. ती बोटं सरळ का होत नाहीत, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. आजची गोष्ट तो प्रश्न ज्यांना पडला त्यांची आहे, आणि उत्तर सापडल्यावर त्यांच्यापुढे जो दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहिला, त्याची आहे.

बोटं सरळ न होण्याचं कारण एकच नसतं. पॅरिसमध्ये १८३१ साली ग्युओम द्युपुत्रां नावाच्या नामांकित शल्यविशारदाने एका दारूच्या व्यापाऱ्याच्या हातावर शस्त्रक्रिया केली. त्या व्यापाऱ्याची बोटं तळव्याकडे ओढली गेली होती. तळव्याच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो, तो जाड होऊन आखडला की बोट आत खेचलं जातं, हे द्युपुत्रांनी दाखवलं. तो विकार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उत्तर युरोपातल्या लोकांत तो बराच आढळतो. मार्गारेट थॅचर आणि रोनाल्ड रेगन या दोघांच्याही हातावर १९८०च्या दशकात त्यासाठी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांना कुणी वाळीत टाकलं नाही, त्यांच्या पंगतीतून कुणी उठलं नाही.

आपल्याकडच्या वाकलेल्या बोटांचं नशीब वेगळं होतं. कारण ती कुष्ठरोगाने वाकली होती. मराठीत त्याला महारोग म्हटलं, रक्तपिती म्हटलं. उर्दूत जुजाम म्हटलं. शब्द बदलले, पण प्रत्येक भाषेत तो शब्द शिवीसारखा वापरता येत होता. पूर्वजन्मीचं पाप, शाप, खानदानाला लागलेला डाग, अशी त्याची कारणं सांगितली गेली. नॉर्वेच्या बर्गन शहरात डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली या रोगाचा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. रोग जंतूमुळे होतो हे कळलं, पण त्यामुळे माणसांचं वागणं लगेच बदललं असं नाही.

मुंबईपुरतं बोलायचं तर १८९० साली माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी एक आश्रयस्थान उभं राहिलं. ते उभं करण्यात पुढाकार होता तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी ॲक्वर्थ यांचा. मराठी वाचकांना हे नाव दुसऱ्या कारणाने माहीत असायला हवं. शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर आपल्या जुन्या पोवाड्यांचा संग्रह करणारे ॲक्वर्थसाहेब ते हेच. वडाळ्याचं आजचं ॲक्वर्थ रुग्णालय त्यांचंच नाव लावतं.

मात्र १८९८ साली सरकारने जो कायदा केला तो पाहिला की मन खिन्न होतं. त्या कायद्याने जो कुष्ठरुग्ण उघड भीक मागतो किंवा ज्याला पोटापाण्याचं साधन नाही, त्याला पोलिसाने वॉरंटशिवाय पकडावं आणि आश्रमात कोंडावं अशी सोय केली. त्याच कायद्यात कुष्ठरुग्णाला खाण्यापिण्याचे पदार्थ विकण्यासारखे काही धंदे बंद करण्याचा, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू न देण्याचा अधिकार होता. म्हणजे काम करू द्यायचं नाही, आणि काम नाही म्हणून भीक मागितली तर धरून न्यायचं. हात आधी रोगाने वाकवला, मग कायद्याने बांधला.

१९४० च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली आणि कुष्ठरोग पहिल्यांदा खऱ्या अर्थाने आटोक्यात येऊ लागला. जंतू मरू लागले. पण वाकलेली बोटं तशीच राहिली. रोग बरा झालेला माणूस गावात परतला, तरी लोक त्याचा हात बघत, डॉक्टरचा कागद बघत नसत. त्याच सुमारास, १९४६ साली, तामिळनाडूतल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात बत्तीस वर्षांचे एक सर्जन दाखल झाले. त्यांचं नाव पॉल ब्रँड.

ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तामिळनाडूतल्याच कोल्ली डोंगरातला. आईवडील मिशनरी. वयाच्या नवव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवलं, आणि ते तिकडे असतानाच इकडे वडील वारले. डॉक्टर होण्याआधी त्यांनी काही वर्षं सुतारकाम आणि बांधकाम शिकून घेतलं होतं. हे वरवर किरकोळ वाटतं, पण पुढच्या सगळ्या गोष्टीत या सुताराचा हात दिसतो. लंडनवर बॉम्ब पडत होते त्या काळात ते शस्त्रक्रिया शिकले, आणि कुष्ठरोगतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट कॉक्रन यांच्या बोलावण्यावरून वेल्लोरला आले.

१९४७ साली कॉक्रन त्यांना चिंगलपेटच्या कुष्ठधामात घेऊन गेले. कॉक्रन त्वचेवरचे चट्टे समजावून सांगत होते आणि ब्रँड यांचं लक्ष रुग्णांच्या हातांवर खिळलं होतं. हे हात असे कशाने झाले, यावर उपाय काय, असं त्यांनी विचारलं. कॉक्रन यांच्या उत्तराचा आशय असा होता, की मी कातडीचा डॉक्टर, हाडांचे डॉक्टर तुम्ही, आणि तुमच्यापैकी कुणीही आजवर या हातांकडे लक्ष दिलेलं नाही.

तिथेच एक तरुण रुग्ण पायातली चप्पल सोडवायला धडपडत होता. ब्रँड यांनी आपला हात त्याच्या हातात दिला आणि सांगितलं, दाब, जोर लावून दाब. त्यांना वाटलं होतं, त्या लुळ्या पंज्यात जोर कुठला असणार? पण तरुणाने असा दाबला की ब्रँड कळवळले. आपण काय घट्ट दाबतोय याची त्या तरुणाला जाणीव नव्हती, कारण त्याच्या हाताला स्पर्शच कळत नव्हता. मात्र त्या वेदनेतून ब्रँड यांना हवी ती गोष्ट कळली. हात मेलेला नाही. त्यातले काही स्नायू धडधाकट जिवंत आहेत.

मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी शेकडो रुग्णांचे हात एकेक करून तपासले. कुठलं बोट कुठे वाकतं, कुठे बधिर आहे, कोणता स्नायू चालतो, याची टिपणं केली. रोग माणसाला वाटेल तसा कुरतडत असता, तर प्रत्येक हात वेगळा दिसला असता. पण तसं नव्हतं. पुन्हा पुन्हा तेच स्नायू निकामी आणि तेच शाबूत. एका मृत रुग्णाचं शवविच्छेदन केलं तेव्हा कारण हाताला लागलं. नसा ठरावीक जागी सुजलेल्या होत्या: कोपराशी, मनगटाशी, गुडघ्याशी, घोट्याशी. म्हणजे जिथे नस कातडीच्या अगदी जवळून जाते आणि शरीर थोडं थंड असतं, तिथे. कुष्ठरोगाच्या जंतूला थंडावा मानवतो.

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हे आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचं आहे. ती अल्नर नावाची नस. कोपराशी ती सुजली की तिच्या पुढचा भाग निकामी होतो. तळव्याच्या आत काही बारीक स्नायू असतात. ते बोटं मुळाशी वाकवतात आणि पुढची पेरं सरळ करतात. सुईत दोरा ओवणं, सदऱ्याचं बटण लावणं, भाकरीचा तुकडा मोडणं, पेन धरणं ही नाजूक कामं त्यांच्या जोरावर चालतात. ते गेले की उरतात फक्त मनगटाच्या वरच्या भागातले मोठे स्नायू, जे लांब दोऱ्यांनी बोटांना ओढतात. आपल्या कोकणातल्या कळसूत्री बाहुल्यांची कल्पना करा. काही दोऱ्या तुटल्या आणि उरलेल्या ताणलेल्या राहिल्या तर बाहुलीचा हात कसा वेडावाकडा होईल, तसंच हे. बोट मुळाशी मागे झुकतं आणि पुढे आत वळतं. पंजा होतो. बरेच दिवस तसाच राहिला तर सांधेही आखडतात आणि मग दुसऱ्याने धरूनही बोट सरळ होत नाही.

आता सुताराची बुद्धी कामाला आली. बोट वाकवण्यासाठी निसर्गाने मोठ्या स्नायूंच्या दोन दोऱ्या दिलेल्या आहेत. त्यातली एक काढून दुसरीकडे जोडली तरी बोट वाकायचं थांबत नाही. इतर कारणांनी लुळ्या पडलेल्या हातांवर ही युक्ती सर्जन मंडळींनी आधी वापरली होती. ब्रँड यांनी १९४८ पासून ती कुष्ठरुग्णांच्या हातांवर सुरू केली. एक दोरी, म्हणजे स्नायूचा शेवटचा कंडरा सोडवायचा, त्याचे भाग करायचे, आणि ते तळव्यातून नेऊन बोटांना अशा जागी जोडायचे, की मेलेल्या बारीक स्नायूंचं काम त्यांनी करावं. पुढे त्यांनी मनगटाचा स्नायू आणि पायातून घेतलेला कंडरा वापरून आणखी चांगल्या पद्धती बसवल्या.

लोकांचा समज होता, की कुष्ठरुग्णाचं मांस सडकं असतं, जखम भरायचीच नाही. जखमा भरल्या. तीनेक आठवडे प्लास्टर राहायचं, मग व्यायाम सुरू. ही पायरी शस्त्रक्रियेइतकीच चिकाटीची होती. जो स्नायू आयुष्यभर बोट वाकवत आला, त्याला आता बोट सरळ करायचं होतं. रुग्ण मनात म्हणायचा वाकव, आणि बोट सरळ व्हायचं. मेंदूला नवी भाषा शिकवावी लागत होती. बोटं हळूहळू उघडली. १९५२ साली ब्रँड यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये या कामावर मानाचं व्याख्यान दिलं.

गोष्ट इथे संपली असती तर ती एका हुशार डॉक्टरची गोष्ट झाली असती. पण दुसरा प्रश्न इथेच उभा राहिला. हात सुधारून घरी गेलेल्यांपैकी काही जण काही महिन्यांनी परत आले, ते हडकलेले आणि निराश. ब्रँड यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे, की एका रुग्णाने त्यांना ऐकवलं, हे हात भीक मागायला वाईट आहेत. पूर्वीचा पंजा पाहून लोकांना कीव यायची, चार पैसे मिळायचे. आता बोटं सरळ, म्हणून भीक कमी. आणि अंगावर जुन्या रोगाच्या खुणा, म्हणून काम कुणी देत नाही, खोली कुणी देत नाही.

हे वाक्य मला या सगळ्या इतिहासाचं मर्म वाटतं. डॉक्टरने हात उघडला, पण त्या हातात काय ठेवायचं हे समाजाने ठरवलंच नव्हतं. वाकलेल्या बोटासाठी आपल्याकडे भिक्षा होती, सरळ झालेल्या बोटासाठी मजुरी नव्हती.

ब्रँड यांनी या तक्रारीला सुतारासारखंच उत्तर दिलं. १९५१ साली कॉलेजच्या आवारात साध्या झोपड्यांची एक वस्ती उभी राहिली. नाव ठेवलं नवजीवा नगर, म्हणजे नव्या जीवनाचं गाव. तिथे शस्त्रक्रिया झालेली मुलं रंधा, करवत, हातोडी धरायला शिकू लागली, लाकडी खेळणी बनवू लागली. आणि तिथेच आणखी एक जुना समज मोडला. कुष्ठरोगात बोटं झडून पडतात, असं सगळेच मानत. एके दिवशी एका कोठाराचं गंजलेलं कुलूप ब्रँड यांना उघडेना. एका पोराने पुढे होऊन किल्ली फिरवली, कुलूप उघडलं, आणि पाहतात तर पोराचं बोट किल्लीने हाडापर्यंत कापलेलं. त्याला पत्ताच नव्हता. मग वस्तीतल्या प्रत्येक जखमेचा माग काढायचं ठरलं. कुणी गरम भांडं उघड्या हाताने उचललं होतं, कुणाच्या हाताला हत्याराच्या मुठीने फोड आले होते. काहींच्या बोटांचे तुकडे मात्र रात्रीत नाहीसे होत. पहारा ठेवल्यावर कळलं, की झोपेत उंदीर बोटं कुरतडत होते आणि झोपलेल्याला जाग येत नव्हती. त्यानंतर तिथून घरी जाणाऱ्या रुग्णाला सोबत एक मांजर देण्याची रीत पडली.

म्हणजे बोटं झडत नव्हती. वेदना नसल्यामुळे ती सांभाळली जात नव्हती. आपण दुखण्याला शत्रू मानतो. त्या वस्तीत कळलं की दुखणं हा शरीराचा पहारेकरी आहे.

या कामात एक भारतीय नाव आदराने घ्यायला हवं, ते डॉ. मेरी व्हर्गीस यांचं. वेल्लोरच्याच या तरुण डॉक्टर १९५४ साली मोटार अपघातात सापडल्या आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. त्यानंतर त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. हातांची शस्त्रक्रिया बसून करता येते, हे कारण साधं होतं, पण ते सुचायला आणि पेलायला जिद्द लागते. पुढे वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाचं नेतृत्व त्यांनी केलं. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. उभं राहता न येणाऱ्या बाईने बोटं न उघडणाऱ्यांचे हात उघडले.

आपल्या महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे हाताला काम देण्याच्या प्रश्नाला, लोक आधीच भिडले होते. वर्ध्याजवळ दत्तपूरला विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केलं. सेवाग्रामला गांधीजींनी संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारलं. वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ साली आनंदवन उभं राहिलं. खडकाळ जमिनीत ज्यांनी विहीर खणली, शेत पिकवलं, त्यांची बोटं वाकलेलीच होती. दान माणसाला दुबळं करतं आणि काम त्याला उभं करतं, हा बाबांचा आग्रह आणि वेल्लोरच्या त्या भिकाऱ्याची तक्रार, दोन्हींचं बोलणं एकच.

आणि शस्त्रक्रियेच्या बाजूने आपल्याकडे डॉ. नोशीर अंतिया होते. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जरी शिकून आलेल्या या डॉक्टरांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम केलं आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. श्रीमंतांचे चेहरे सुंदर करण्याची विद्या त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांसाठी आणि चेहऱ्यांसाठी वापरली.

नंतरच्या काळात औषधं आणखी सुधारली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला. तो आज आपल्याकडे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो. देशपातळीवर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट २००५ च्या अखेरीस गाठल्याचं जाहीर झालं. तरीही दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण आपल्या देशात सापडतात, जगातल्या निम्म्याहून अधिक. म्हणून हे सांगणं अजून जरुरीचं आहे: अंगावर बधिर चट्टा दिसला, करंगळीतला जोर कमी वाटला, हातापायाला चटका कळेनासा झाला, तर लपवू नका. नस वेळेत सांभाळली तर बोट वाकतच नाही.

कायदा मात्र फार सावकाश उघडला. १८९८ चा तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. आणि घटस्फोटासाठी कुष्ठरोग हे कारण पुरेसं मानणारी कलमं २०१९ साली काढली गेली. त्या वेळी जे कायदे दुरुस्त करावे लागले त्यांत हिंदूंचा विवाह कायदा होता, मुस्लिमांचा विवाहविच्छेदाचा कायदा होता, ख्रिश्चनांचा घटस्फोटाचा कायदा होता आणि धर्माबाहेरचा विशेष विवाह कायदाही होता. एरवी ज्या कायद्यांचं एकमेकांशी पटत नाही, त्या सगळ्यांचं या एका बाबतीत एकमत होतं. बऱ्या होणाऱ्या माणसाला घराबाहेर काढण्यात आपण कुणीच मागे नव्हतो. ती कलमं गेली, हे बरंच झालं. पण गावच्या पंगतीत, एसटीच्या बाकावर, घर भाड्याने देताना जे कलम आपण मनात ठेवतो, ते कुठल्याही संसदेला रद्द करता येत नाही.

ब्रँड १९६६ साली अमेरिकेला गेले, तिथल्या कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात काम करत राहिले आणि २००३ साली वारले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेली दोरी बदलण्याची विद्या आता अनेक देशांत शिकवली जाते. एका हाताला ती शस्त्रक्रिया काही तासांत होते, व्यायामासह काही आठवड्यांत बोटं उघडतात. पुढचं काम सर्जनचं नाही. उघडलेल्या हातात कुणी करवत द्यायची, कुणी तराजू द्यायचा, कुणी पाण्याचा पेला द्यायचा. आणि कधीतरी, दुसरं काहीच देण्यासारखं नसलं, तर आपला हात त्या हातात द्यायचा. चिंगलपेटला १९४७ साली सुरुवात तिथूनच झाली होती.